पाटी किलोवर विकू नका

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस
मा. महाव्यवस्थापक, पश्चिम रेल्वे, चर्चगेट



येत्या काही वर्षांत तुम्ही दोघे मिळून मुंबईच्या लोकलचे शेकडो डबे मोडीत काढणार आहात. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३ आणि ३ए या टप्प्यांत २३८ वातानुकूलित गाड्यांना मंजुरी आहे. बारा डब्यांचा हिशेब धरला तरी हे २८५६ डबे होतात. त्या नव्या गाड्या येतील तशा आजच्या उघड्या दारांच्या गाड्या टप्प्याटप्प्याने जातील. जायलाच हव्यात. दारात लोंबकळणाऱ्या माणसांचे हाल ज्याने पाहिले आहेत तो उघड्या दारांसाठी गळा काढणार नाही आणि मीही काढत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या गाड्या कापायला नेण्याआधी त्यांच्यातले काय काय उतरवून ठेवायचे, हे कोणी ठरवले आहे का?

मी संग्राहक आहे. डोंबिवलीच्या माझ्या घरात पुठ्ठ्याची जुनी तिकिटे आहेत, सीव्हीएम यंत्रावर छापून घ्यायची कूपने आहेत, वेळापत्रके आहेत, हातांनी लिहिलेले त्रैमासिक पास आहेत. हे सगळे कागद. लोखंड, पितळ किंवा काच यांतले काही नाही, आणि त्याचे कारण आवड कमी पडली हे नाही. कारण या पत्रात पुढे सांगतो.

आधी तुमच्याच घराण्याची थोडी उजळणी करतो, कारण या मुद्द्याला तिचा आधार आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचे सीएसएमटी) ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला निशाण दाखवले. डबे इंग्लंड आणि जर्मनीत बांधलेले, वीज १५०० व्होल्ट डीसी. तीन वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये, आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज असलेल्या बीबी अँड सीआय रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेवर आणले. मग घाट आला. इगतपुरी आणि पुण्यापर्यंत तारा पोचल्या आणि १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनामागे धावू लागली. पुण्याहून नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्या पासधारकांची ही गाडी. पुढे नाशिककरांसाठी पंचवटी एक्स्प्रेस आली. या गाड्यांना इंजिने असत, आणि मुंबईकडच्या टोकाला ती इंजिने डीसीचीच असत. इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत मिळणारी ती काही मिनिटे, फलाटावरचा वडा आणि चहा, हे त्या काळच्या नाशिककराला वेगळे सांगावे लागत नाही.

मालगाड्यांसाठी आणि घाटासाठी आणखी एक इंजिन होते. त्याला रेल्वेची माणसे खेकडा म्हणत. तुमच्या दप्तरी ते डब्ल्यूसीजी-१. एकूण ४१ इंजिने; काही स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमधली, बाकी इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतली. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकाडे, चाकांना जोडणारे दांडे बाहेरून फिरताना दिसत. नुसता उभा असला तरी तो घुमत राही, आणि त्या आवाजावरून यार्डातल्या माणसांना तो कुठे उभा आहे हे न बघता कळे. आणि १९६१ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून देशी बनावटीचे पहिले विजेचे इंजिन बाहेर पडले. १५०० व्होल्ट डीसीवर चालणारे, म्हणजे आपल्याच भागासाठी बांधलेले. त्याचे नाव 'लोकमान्य'. टिळकांच्या नावाने चौक, रस्ते, शाळा, टर्मिनस आहेत हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. इंजिनही होते, हे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांतल्या बहुतेकांना नवे होते.

हे सारे डीसी युग एका झटक्यात नाही, हळूहळू संपले. पश्चिम रेल्वेने फेब्रुवारी २०१२ मध्ये डीसीला रामराम केला. मध्य रेल्वेवर टप्प्याटप्प्याने काम होत गेले आणि एप्रिल २०१६ च्या एका शनिवारी रात्री कुर्ल्याहून निघालेल्या लोकलनंतर मुंबईत रेल्वेची गाडी डीसीवर धावली नाही. बदल योग्यच होता. कमी दाबाच्या विजेला तेवढीच शक्ती पुरवायला प्रचंड प्रवाह लागतो. म्हणजे जाड तारा आणि पावलोपावली उपकेंद्रे. २५ हजार व्होल्टच्या एसीवर हा सगळा खटाटोप कमी होतो, नव्या गाड्या ब्रेक लावताना काही वीज परतही देतात. तांत्रिक बाजूने माझी तक्रार शून्य.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या कामाबद्दल. एक्क्याण्णव वर्षे ज्या यंत्रणेने या शहराला कामावर नेले आणि घरी आणले, तिचे लहानसहान काय उरले? दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा उभा आहे. मुंबईची काही इंजिने पाहायला दिल्लीला जावे लागते हा एक विनोदच आहे, पण निदान ती आहेत. सीएसएमटीच्या आवारात तुम्ही हेरिटेज गल्ली केलीत, तिथे जुनी इंजिने मांडलीत, मुख्य इमारतीत संग्रहालय आहे. त्याबद्दल आभार. पण लोकल? मोटर कोच? रोज लाखो हातांनी पकडलेली, ओरबाडलेली, घासून गुळगुळीत केलेली ती वस्तू? वारसा म्हटले की आपल्याकडे वाफेचे इंजिन आठवते. स्थानकाबाहेर चबुतरा बांधायचा, त्यावर एक काळे इंजिन चढवायचे, चाकांना लाल-पांढरा ऑइल पेंट फासायचा आणि कोनशिलेवर साहेबांचे नाव कोरायचे. ज्या इंजिनाने त्या स्थानकात कधी पाऊल टाकले नाही तेही अशा चबुतऱ्यावर चढते. विजेच्या गाडीला मात्र हा मान क्वचितच. ती धूर सोडत नव्हती एवढाच तिचा दोष.

संग्राहकाला अख्खा डबा नको असतो, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. कुठे ठेवणार? माझी खोली दहा बाय बारा. त्याला हवी असते ती गाडीच्या अंगावरची एखादी बोलकी वस्तू. उदाहरणादाखल मोटरमनच्या केबिनमधला मास्टर कंट्रोलर घ्या. हँडल फिरवले की डब्याखालच्या पेटीतला कॅमशाफ्ट खटखट करत पुढे सरके, वाटेतले रोध एकेक करून वगळले जात, मोटारी आधी एकसर आणि मग समांतर जोडल्या जात. गाडी सुटताना जो धक्का, मग पुन्हा धक्का, अशी चढती लय पायांना जाणवे ती यामुळे. नव्या गाड्यांत ती लय नाही. त्या गुपचूप वेग घेतात. त्याच हँडलवर मोटरमनचा हात सतत दाबलेला असावा लागे. हात सुटला, म्हणजे माणसाला झीट आली किंवा आणखी काही झाले, की ब्रेक आपोआप लागे. डेड मॅन हँडल म्हणतात ते हेच. मुंबईच्या किती पिढ्यांचा जीव त्या एका दाबलेल्या मुठीवर होता याचा विचार कर्मचाऱ्यांखेरीज फारसा कोणी केला नसेल.

किंवा गार्डची घंटा घ्या. मागच्या केबिनमधून दोन ठोके आले की गाडी सुटे. आजही तेच दोन ठोके आहेत, फक्त उपकरणे बदलली. जुन्या रेकमधली, म्हणजे डब्यांच्या एका संचातली, ती घंटा आणि तिचे बटण ही शाळेतल्या मुलाच्या हातात देण्याजोगी वस्तू आहे, कारण ती वाजवता येते. संग्रहालयात काचेआडच्या वस्तूंना मुले पाच मिनिटांत कंटाळतात.

मग गाडीच्या कपाळावरची अक्षरे. मध्य रेल्वेवर कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन. परगावचा माणूस यातून काही अर्थ लावू शकत नाही, पण कल्याणच्या पुढे आग्नेय आणि ईशान्य असे दोन फाटे फुटतात आणि इंग्रजांच्या काळी मार्ग त्याच नावांनी ओळखले जात, हा शंभर वर्षांचा भूगोल त्या दोन अक्षरांत शिल्लक आहे. टी म्हणजे ठाणे हे सोपे. एन म्हणजे कसारा हे ज्याला न अडखळता कळते तो आपला माणूस.

डब्यावरच्या बिल्डर्स प्लेटचे तर मला वेड आहे. कुठल्या कारखान्यात, कुठल्या साली बांधला हे सांगणारी ती धातूची पाटी. कलकत्त्याच्या जेसप कंपनीच्या पाट्या कितीतरी लोकलवर होत्या. अठराव्या शतकात सुरू झालेला तो कारखाना आता बंद पडला आहे. म्हणजे गाडी गेली, कारखाना गेला, आणि दोघांचीही साक्ष देणारा एकच तुकडा राहिला तर तो ही पाटी. पेरांबूरचा आयसीएफ हा डब्यांचा कारखाना जोरात चालू आहे, त्याच्या पाट्या पुढेही मिळतील. जेसपची पाटी वितळली की संपली.

पंखे मात्र मला नकोत. रेल्वेचे पंखे ११० व्होल्टवर चालतात, घरात बिनकामाचे. चोरांना हे कळायला काही दशके लागली. लाकडी पट्ट्यांच्या बाकाचा एक तुकडा, फर्स्ट क्लासच्या लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचा पत्रा, महिलांच्या डब्यावरचे पदर घेतलेल्या बाईचे चित्र, धोक्याच्या साखळीवरची तीन भाषांतली दंडाची सूचना. यातले बहुतेक आजच्या गाड्यांतही दिसते आणि म्हणूनच कोणाला जपावेसे वाटत नाही. दिसेनासे झाले की शोधाशोध सुरू होईल, तेव्हा हाती काही नसेल.

आता तुमच्या भांडार विभागात काय घडते ते. डब्याचे ठरलेले आयुष्य संपले, तपासणी झाली, तो कंडम ठरला. पुन्हा वापरता येण्याजोगे सुटे भाग कारशेड किंवा वर्कशॉप काढून घेते. उरलेल्याचा लॉट बनतो आणि तो ई-लिलावात जातो, 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर. बोली लावणारा नोंदणीकृत व्यापारी असतो. तो लोखंड टनांत मोजतो, तांबे-पितळ वेगळे करतो. कापलेला पत्रा ट्रकमध्ये चढतो आणि भट्टीकडे जातो. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांना भंगारच लागते. माझ्या इमारतीच्या स्लॅबमध्ये एखादी जुनी कल्याण लोकल असेलही. यात गैर काही नाही. उलट रेल्वे भंगार विकून चांगला महसूल मिळवते आणि यार्ड मोकळे होते, ही चांगलीच गोष्ट. फक्त या साखळीत एकही कडी अशी नाही जिथे कोणी थांबून विचारेल की ही पाटी किलोवर जावी का.

मी एकदा भंगाराच्या बाजारात हे डोळ्यांनी पाहिले. पितळी नळांच्या ढिगात एक प्लेट होती, कारखान्याचे नाव आणि साल स्पष्ट वाचता येत होते. दुकानदार भला माणूस होता. "सेठ, पीतल है, किलो के भाव से ले जाओ," म्हणाला. मी पावती मागितली. पावती तो देऊ शकत होता, पण 'पितळ' एवढीच. कुठून आले, कोणत्या लॉटमधले, कोणत्या डब्याचे, त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो प्रश्नच चमत्कारिक होता. मी प्लेट परत ढिगात ठेवली.

ठेवण्याचे कारण म्हणजे १९६६ चा कायदा. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा. तुमच्या रेल्वे सुरक्षा दलाला, म्हणजे आरपीएफला, तो तोंडपाठ आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय येईल अशी रेल्वेची वस्तू कोणाकडे सापडली, तर ती कायदेशीरपणे आली हे ज्याच्याकडे सापडली त्याने दाखवायचे. नाही दाखवता आले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा कडक आहे आणि तो असायलाच हवा. रुळांच्या क्लिपा, तांब्याच्या तारा, सिग्नलच्या केबल्स चोरीला गेल्या तर माणसे मरतात. पण या कायद्याच्या पुढे, रेल्वेने रीतसर विकलेली पाटी आणि यार्डातून उपसलेली पाटी यांत फरक दाखवणारा एकमेव पुरावा म्हणजे तुमची पावती, आणि तुम्ही ती फक्त टनाच्या मापाने देता. परिणाम काय होतो? कायदा पाळणारा संग्राहक कागद गोळा करत बसतो. जो पाळत नाही त्याच्याकडे वस्तू जमतात, पण तो कोणाला दाखवू शकत नाही, त्यांच्याबद्दल लिहू शकत नाही. त्याच्या मुलांना त्या वस्तूचे काय करावे हे कळत नाही आणि शेवटी तीही भंगारात. म्हणजे वस्तू वाचली तरी तिची गोष्ट वाचत नाही.

याबाबत ब्रिटनचा अनुभव उपयोगी पडेल, आणि तो केवळ कौतुकाचा नाही. ब्रिटिश रेल्वेने १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने बंद केली. हजारो इंजिने भंगारात गेली. त्या धांदलीत रेल्वेने नामफलक लोकांना विकले, आणि पुढे लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ 'कलेक्टर्स कॉर्नर' नावाचे स्वतःचे दुकानच थाटले. कंदील, फलक, घड्याळे, काय हवे ते. सुरुवातीला काही पौंडांत गेलेले फलक पुढे लिलावात हजारो पौंडांना विकले गेले, आणि रेल्वेला हळहळ वाटली असणार. पण कितीतरी वस्तू कोणाच्या तरी घरी राहिल्या. दुसरीकडे वेल्समधल्या बॅरी गावी डाय वुडहॅम नावाच्या भंगार व्यापाऱ्याने २९७ इंजिने विकत घेतली. त्याच्याकडे मालगाडीचे डबेही कापायला आले होते, ते कापणे सोपे म्हणून त्याने इंजिने बाजूला ठेवली. ती वर्षानुवर्षे समुद्राच्या वाऱ्यात गंजत राहिली. हौशी मंडळींनी वर्गण्या काढून त्यांतली २१३ सोडवली. आज ब्रिटनच्या हेरिटेज मार्गांवर धावणारी कितीतरी इंजिने बॅरीची आहेत. एका भंगारवाल्याने उशीर केला म्हणून एका देशाचा वारसा वाचला. मात्र त्या उभ्या इंजिनांवरून शिट्ट्या, मापके, पाट्या लोकांनी काढून नेल्या आणि पुढे दुरुस्त करणाऱ्यांना त्या नव्याने घडवाव्या लागल्या, हेही तितकेच खरे.

पुढे ब्रिटनने हा प्रश्न कायद्याने सोडवला. १९९६ मध्ये रेल्वे वारसा कायदा झाला. रेल्वेच्या मालकीची एखादी वस्तू किंवा दस्तऐवज जपण्याजोगा ठरवण्याचा अधिकार एका समितीला मिळाला. तसे ठरल्यावर ती वस्तू कोणीही परस्पर विकू किंवा मोडू शकत नाही. आधी निवड, मग विक्री, असा क्रम. न्यूयॉर्कची मेट्रो यंत्रणा निवृत्त गाड्यांचे फलक आणि हँडल स्मृतिवस्तू म्हणून विकते. जपानात रेल्वे कंपन्या डेपो एका दिवसासाठी लोकांना उघडतात, निवृत्त गाड्यांच्या पाट्या आणि उपकरणे मेज मांडून विकतात, आणि लहान मुलांना घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे रांगा लावतात. अशा विक्रीतून पैसा फार मिळत नसेल. पण रेल्वेवर प्रेम करणारी पुढची पिढी मिळते, आणि रेल्वेची जाहिरात करणाऱ्या एखाद्या संस्थेला दिलेल्या कंत्राटापेक्षा ती स्वस्त पडते.

तुमचे अधिकारी म्हणतील, आम्हाला गाड्या वेळेवर चालवायच्या आहेत, हा रिकामटेकड्यांचा छंद कोण सांभाळणार? वाजवी आहे. म्हणून मी नवे संग्रहालय मागत नाही. नवी इमारत, नवे पद, नवी समिती, यांतले काही मागत नाही. समिती नेमली की तिचा अहवाल यायच्या आत रेक भट्टीत गेलेली असेल. मागणे एवढेच आहे: डबा कंडम ठरला की कापण्याआधी कारशेडमधल्या एका जबाबदार माणसाने अर्धा दिवस त्याच्याभोवती फिरावे. बिल्डर्स प्लेट, डबा क्रमांकाची पाटी, घंटा, मास्टर कंट्रोलर, दिशादर्शक अक्षरे काढून घ्यावीत आणि प्रत्येकीसोबत एक कागद जोडावा: कोणत्या कारशेडची रेक, डब्याचा क्रमांक, बांधणीचे साल, सेवेतून काढल्याची तारीख. हा कागद पाटीहून महत्त्वाचा. क्रमांक नसलेली पाटी म्हणजे धातू. क्रमांक असला की तिचा मार्ग, तिचा काळ आणि तिच्यावर काम केलेली माणसे शोधता येतात. एखाद्या निवृत्त मोटरमनला बोलावून या वस्तूंवर तासभर बोलायला लावा आणि ते ध्वनिमुद्रित करा. कुर्ल्याच्या, कळव्याच्या, महालक्ष्मीच्या, माटुंग्याच्या जुन्या कारागिरांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेले नाही, आणि ती माणसेही आपल्यासाठी थांबणार नाहीत.

मग त्यातल्या दुर्मीळ वस्तू तुमच्याकडे ठेवा, स्थानकांना द्या, शाळांना द्या. डोंबिवली स्थानकावर जाहिरातींचे पडदे लावायला जागा मिळते; एका जुन्या मोटर कोचच्या पाटीलाही मिळेल. जिथे एकाच प्रकारच्या वस्तू डझनावारी आहेत त्या लोकांना विका. ठरावीक किमतीला, आधार कार्ड दाखवून, एका माणसाला एकच, आणि तुमच्या शिक्क्याची पावती देऊन. जमा होणारे पैसे कर्मचारी कल्याण निधीत घाला. भंगाराच्या भावापेक्षा जास्तच मिळतील, याची खात्री मी देतो. पुढे कधी कोणी विकले तर ती पावती वस्तूबरोबर जावी. आरपीएफचेही काम सोपे होईल: पावती आहे ती हौस, नाही ती चोरी.

काही वस्तू मात्र विकू नका. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांशी ज्यांचा संबंध आहे असे काहीही नाही. अपघातग्रस्त डब्याचे काहीही नाही. अशा वस्तूंना बाजारात नक्की गिऱ्हाईक मिळेल, आणि तेच कारण त्या न विकण्याचे. दाराजवळच्या उभ्या दांड्याबद्दल मी स्वतः अजून ठरवू शकलेलो नाही. त्याला धरून लोक पोट भरायला गेले आणि त्याच्यावरून हात सुटून गेलेही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे गाडीतून पडून गेली, ते सर्वांना आठवते. असा एक दांडा संग्रहालयात असावा, त्याखाली हे स्पष्ट लिहिलेले असावे. पण तो कोणाच्या दिवाणखान्यात टॉवेल वाळत घालायला नसावा. आणि जुन्या डब्यांच्या आवरणांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा आत हात घालायचे काम तुमच्या प्रशिक्षित माणसांनीच करावे. हौशी लोकांना कटिंग यार्डात मोकळे सोडा, असे मी म्हणणार नाही.

एक शब्द माझ्या बिरादरीलाही. आपल्यातले काही जण चालू गाडीतून पाटी खोलतात आणि चबुतऱ्यावरच्या इंजिनाचे मापक उपटून नेतात, आणि वर त्याला 'वाचवले' म्हणतात. असल्यांनी रेल्वेला आपल्यावर अविश्वास ठेवायचे निमित्त दिले आहे. ज्या इंजिनावरची पाटी तुमच्या कपाटात आहे ते इंजिन आता मुके आहे. परत करून या.

रेस्टॉरंट ऑन व्हील्सचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण 'आम्ही जुने डबे वापरतो' असे उत्तर येईल. सीएसएमटीला डब्यात जेवायची सोय झाली, मी तिथे जेवलो, पनीर ठीक होते. पण आतून-बाहेरून इतका रंग आणि दिवे लावले आहेत की डब्याने आयुष्यभर काय केले हे त्याच्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला कळत नाही. एक ओळ लिहून लावायला खर्च नाही: हा डबा कोणत्या कारखान्यातला, किती वर्षे, कोणत्या मार्गावर. लोक वडे खाता खाता वाचतील.

वाफेच्या इंजिनांच्या बाबतीत आपण जे उशिरा केले ते लोकलच्या बाबतीत वेळेवर करण्याची संधी अजून आहे, कारण गाड्या अजून धावत आहेत. त्यांच्यावरच्या पाट्या आज सकाळीही कोणीतरी दारात उभे राहून वाचल्या असतील. तुम्हा दोघांना विनंती: पुढचा लॉट लिलावाला लावण्याच्या आत, दोन्ही रेल्वेंच्या भांडार नियंत्रकांना एका पानाचे परिपत्रक काढायला सांगा, आणि एका रेकवर हा प्रयोग करून बघा. ती रेक कुर्ल्याची असो की विरारची, पावती फाडायला पहिला मी येईन.

आपला,
डोंबिवलीचा एक पासधारक